‘स्टेन्डेक’चं भूत आणि हिमनदीत मुरलेलं विमान

गेल्या पंधरा दिवसांत तोच मजकूर मला चारदा आला. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मावसभावंडांचा ग्रुप. चौथ्यांदा तो खुद्द वडिलांनी पाठवला, खाली ‘खरे आहे का?’ एवढंच लिहून. वडील अठ्ठ्याऐंशीचे, तारखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना ‘खोटं आहे’ म्हणून भागत नाही, ‘कशावरून?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. म्हणून हे बैठक मारून लिहायला घेतलं.

मजकूर थोडक्यात असा: ‘१९४७ साली अँडीज पर्वतावरून जाणारं ब्रिटिश प्रवासी विमान उतरायला चार मिनिटं उरलेली असताना हवेत विरघळलं. त्याआधी वैमानिकानं “स्टेन्डेक” हा शब्द तीनदा उच्चारला. हा शब्द जगातल्या कुठल्याच भाषेत नाही. एवढा कसलेला वैमानिक रस्ता चुकणं शक्यच नाही. विमानात ब्रिटनच्या राजाचा गुप्त दूत होता, हिरे होते. पर्वत पिंजून काढला, खिळासुद्धा मिळाला नाही. आणि ५० वर्षांनी, जिथे आधी काहीच नव्हतं तिथे, विमान आपोआप प्रकट झालं. चाकातली हवासुद्धा तशीच! त्याच कंपनीची आणखी दोन विमानं बर्म्युडा त्रिकोणानं गिळली. विज्ञानाकडे उत्तर नाही.’ शेवटी जोडलेले हात आणि एक हिरवा परग्रहवासी.

लिहिणारा हुशार आहे, हे आधी कबूल करतो. यातले निम्मे तपशील खरे आहेत. विमान होतं, शब्द होता, दूत होता, चाकसुद्धा होतं. खऱ्या मण्यांत खोटा दोरा ओवलाय, म्हणून माळ गळ्यात पडते.

आधी जे पक्कं ठाऊक आहे ते सांगतो. विमानाचं नाव ‘स्टार डस्ट’, कंपनी ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेज, बनावट ॲव्रो लँकेस्ट्रियन. युद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकणारं लँकेस्टर हे विमान, त्याचीच ही प्रवासी आवृत्ती. तोफा आणि बॉम्ब काढले, खुर्च्या बसवल्या. चार रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनं, पण केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, उंचीवर ऑक्सिजनचा आधार. २ ऑगस्ट १९४७ रोजी दुपारी १:४६ वाजता (सगळ्या वेळा ग्रिनिचच्या) ते ब्युनोस आयर्सहून चिलीची राजधानी सँटियागोकडे निघालं. सहा प्रवासी, पाच कर्मचारी. आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे श्रावण, तिकडे ऐन हिवाळा. अँडीजवर त्या दिवशी ढगांची दाटी आणि हिमवादळ होतं. ५:४१ ला शेवटचा संदेश आला आणि त्यानंतर सगळं शांत.

आता एकेक वाक्य घेऊ.

‘उतरायला चार मिनिटं उरलेली असताना हवेत विरघळलं’

ही चार मिनिटं आली कुठून? शेवटच्या संदेशात रेडिओ ऑपरेटरनं कळवलं होतं की सँटियागोला ५:४५ ला पोहोचतोय. संदेशाची वेळ ५:४१. वजाबाकी केली की चार. पण ही चार मिनिटं विमानातल्या माणसांच्या हिशेबातली. विमान खरंच विमानतळापासून चार मिनिटांवर होतं, असं ना कुणी जमिनीवरून पाहिलं, ना रडारवर दिसलं. कात्रज आला असं समजून आपण घरी ‘पोचतोच, कुकर लाव’ असा फोन करावा आणि गाडी अजून खंबाटकीतच असावी, तसला हा प्रकार. फोन खरा, वेळ खरी, जागा तेवढी चुकलेली.

‘वैमानिकानं “स्टेन्डेक” हा शब्द तीनदा उच्चारला’

उच्चारला नाही. कुणीच काही उच्चारलं नाही. संदेश मोर्समध्ये आला, विमानातल्या डेनिस हार्मर नावाच्या रेडिओ ऑपरेटरच्या बोटांतून. सँटियागोच्या विमानतळावर तो चिलीच्या हवाई दलाच्या ऑपरेटरनं घेतला. त्याच्या सांगण्याप्रमाणे आवाज स्पष्ट होता, पण पाठवण्याचा वेग फार. शेवटचा शब्द कळेना म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं, दोनदा. म्हणजे एकूण तीनदा. फॉरवर्डमधला तीनचा आकडा बरोबर आहे, पण त्यातली ती किंकाळी मात्र पदरची.

इथे मला घरातच तज्ज्ञ मिळाला. वडिलांची अर्धी नोकरी मोर्सवर गेली. सांगलीच्या बाजूला लहान लहान तारघरांत बसून त्यांनी जन्म, लग्नं, बदल्या आणि मुख्यतः मृत्यू घेतले आणि पाठवले. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली त्या रात्री ते जेवले नव्हते, हे आई अजून सांगते.

मोर्सचा हिशेब साधा आहे. एक डॉट म्हणजे एक माप, डॅश तीन मापांचा. एका अक्षराच्या आतल्या डॉट-डॅशमध्ये एक माप गप्प राहायचं, दोन अक्षरांमध्ये तीन मापं, दोन शब्दांमध्ये सात. म्हणजे ऐकणाऱ्यानं जितकं आवाजाकडे लक्ष द्यायचं तितकंच गप्प जागांकडे. हात घाईत असला की आधी आक्रसतात त्या या गप्प जागाच.

आता ‘स्टेन्डेक’ची सात रोमन अक्षरं (एस, टी, ई, एन, डी, ई, सी) मोर्समध्ये अशी:

... - . -. -.. . -.-.

आणि ही दुसरी ओळ पाहा:

... -.-. - .. .-.-.

मधल्या मोकळ्या जागा पुसून दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा. पंधरा खुणा इथे, पंधरा तिथे, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशाच्या तशा. कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही, पेन्सिल घेऊन करून पाहा. दुसरी ओळ काय आहे? एस-सी-टी-आय हा सँटियागोच्या लोस सेरियोस विमानतळाचा चार अक्षरी संकेत, म्हणजे विमान जिथे उतरणार होतं तोच विमानतळ. आणि शेवटी ए-आर जोडून, जी मोर्समध्ये ‘संदेश संपला’ याची खूण. ‘सँटियागोला ५:४५ ला पोहोचतो, लोस सेरियोस, संपलं.’ परग्रहवासी कुठे बसवायचा?

मी हे मोबाइलवरच्या मोर्सच्या ॲपवर, मधल्या जागा काढून, वडिलांना ऐकवलं. आधी त्यांनी नाक मुरडलं. ‘हे पिपाणीसारखं काय वाजवतोस? आमचं कडकट्ट होतं.’ मग पेपरच्या कडेला पेन्सिलनं खुणा करत दोनदा ऐकलं. शेवटच्या पाच खुणांवर बोट ठेवून लगेच म्हणाले, ‘ही संपल्याची खूण.’ आणि बाकीचं? ‘बाकीचं तीन-चार तऱ्हेनं वाचता येईल. आधी बोलणं कशाबद्दल चाललं होतं ते सांग.’

सत्तर-पाऊणशे वर्षं लोक त्या शब्दाला उलटंपालटं करून बघताहेत, आणि तारमास्तरानं पहिला प्रश्न विचारला तो संदर्भाचा.

दुसरेही अर्थ लावले गेलेत. इंग्रजीत ‘खाली उतरणं’ या अर्थाचा ‘डिसेंट’ हा शब्द याच सात अक्षरांचा बनतो, हे अनेकांना फार भारी वाटतं. अक्षरं जुळतात हे खरंच. पण अक्षरांची अशी अदलाबदल कागदावरच्या कोड्यात होते. सराईत ऑपरेटरचा हात तीनही वेळा तसाच्या तसा अडखळेल हे पटत नाही. ऑक्सिजन कमी पडून हार्मर बरळत होता, असंही एक मत आहे. मग त्याच संदेशातली वेळ आणि ठिकाण इतकं नीट कसं आलं? विमानतळाच्या संकेतावरही आक्षेप आहेत. ‘सँटियागो’ असं एकदा सांगून झाल्यावर पुन्हा संकेत कशाला? आणि विचारल्यावरही गप्प जागा तशाच कशा आक्रसतात? तरी मला हाच अर्थ सर्वांत जवळचा वाटतो. शपथेवर मात्र सांगणार नाही.

पण या शब्दाचं कोडं सुटलं काय नि न सुटलं काय, अपघाताच्या कारणाशी त्याचा संबंध नाही. संकटात सापडलेला ऑपरेटर एसओएस देतो. पोहोचण्याची वेळ कळवणारा ऑपरेटर संकटात नसतो, निदान आपण संकटात आहोत हे त्याला माहीत नसतं. ‘स्टेन्डेक’ची कीर्ती नंतरची. उडत्या तबकड्यांना वाहिलेलं एक स्पॅनिश नियतकालिकसुद्धा याच नावानं निघत असे.

‘एवढा कसलेला वैमानिक रस्ता चुकणं शक्यच नाही’

कॅप्टन रेजिनाल्ड कुक कसलेला होता यात वाद नाही. युद्धात बॉम्बर विमानं चालवून शौर्यपदकं मिळवलेला माणूस. पण कसलेला कशात, हेही पाहायला हवं. अँडीज त्यानं सहवैमानिक म्हणून ओलांडला होता. कॅप्टन म्हणून त्याची ही पहिलीच खेप. आणि त्या दिवशी त्याला जे भेटलं ते त्या काळच्या बहुतेक वैमानिकांना ठाऊकच नव्हतं.

वादळ टाळायला विमान २४,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ७,३०० मीटरवर चढवलं गेलं. वाटेतलं टुपुंगाटो शिखर ६,५७० मीटरचं. उंचीचा हिशेब बरोबरच होता, पण त्या उंचीवर वाहते जेट स्ट्रीम. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा वाऱ्याचा चिंचोळा, प्रचंड वेगवान पट्टा, ताशी दीडशे किलोमीटरच्या सहज पुढे जाणारा. ‘स्टार डस्ट’ चाललं होतं पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे थेट त्याच्या तोंडात.

नरसोबाच्या वाडीला कृष्णेला पाणी चढलं असताना नाव उलट्या दिशेनं वल्हवणारा नावाडी डोळ्यांसमोर आणा. हात नेहमीसारखेच चालताहेत, घामही तेवढाच गळतोय, पण नाव निम्मंही अंतर काटत नाही. नावाड्याला काठावरचा पिंपळ दिसतो, म्हणून त्याला ते कळतं. कुकच्या खाली सलग ढग होते, पिंपळ नव्हता. त्याच्याकडे होते ते वेगाचा काटा, होकायंत्र आणि घड्याळ. वेगाचा काटा हवेच्या तुलनेतला वेग दाखवतो, जमिनीच्या तुलनेतला दाखवत नाही. हवाच उलटी पळत असेल तर काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

कल्पना यावी म्हणून सोपे आकडे घेऊ. हवेतला वेग ताशी ३७० किलोमीटर आणि समोरून वारा ताशी १६० चा धरा. अर्ध्या तासात वैमानिकाच्या वहीत १८५ किलोमीटर जमा होतात, प्रत्यक्षात कापलेले असतात १०५. तूट ८०. टुपुंगाटो सँटियागोच्या पूर्वेला किती अंतरावर आहे? साधारण ८० किलोमीटर. आकडे माझे, उदाहरणापुरते, पण चूक कोणत्या मापाची असू शकते ते यावरून कळेल. वहीच्या हिशेबानं डोंगर मागे पडला होता आणि खाली चिलीचं सपाट खोरं यायला हवं होतं. म्हणून विमान ढगांतून खाली उतरू लागलं. खाली टुपुंगाटोचा बर्फाचा कडा होता.

जेट स्ट्रीम कुणालाच माहीत नव्हती, असंही म्हणता येणार नाही. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण आपलं काम त्यानं प्रसिद्ध केलं एस्पेरांतोत, साऱ्या जगाला कळावं म्हणून बनवलेल्या भाषेत, आणि त्यामुळेच ते जगातल्या जवळपास कुणीच वाचलं नाही. पुढे १९४४ च्या अखेरीस जपानवर बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना हे वारे थडकले, तेव्हा लष्करी गोटात त्यांची चर्चा सुरू झाली. दक्षिण अमेरिकेतल्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनला १९४७ साली निघण्यापूर्वी त्यांचा अंदाज मिळेल, अशी व्यवस्थाच नव्हती. आज मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, हे पर्यटन कंपनीचा पोरगासुद्धा सांगतो. त्यामागचं मुख्य कारण हेच वारे.

२००० साली अर्जेंटिनाच्या हवाई दलानं चौकशी केली, त्यात कुकला दोषी धरलं नाही. तुफान हिमवर्षाव आणि ढग यांमुळे जागेचा अंदाज दुरुस्त करता आला नाही, असा निष्कर्ष निघाला. फॉरवर्डवाल्याला वाटतं की वैमानिकाची अब्रू राखायला परग्रहवासी लागतात. त्याशिवायच राखली गेली.

‘राजाचा गुप्त दूत, हिरे…’

हे लवकर आटपू. दूत होता. ‘किंग्ज मेसेंजर’ हा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा कागदपत्रं पोचवणारा नोकर. काम जोखमीचं, पण पद उघड आहे, गुप्तहेराचं नव्हे. एका पॅलेस्टिनी प्रवाशानं कोटाच्या अस्तरात हिरा शिवून घेतला होता, असं सांगतात. अशी माणसं विमानात म्हटल्यावर कुणी बॉम्ब ठेवला असेल, ही शंका येतेच. मग बॉम्ब का नाही? कारण अवशेष. हवेत स्फोट झाला तर तुकडे कित्येक किलोमीटर उधळतात. इथे ते साधारण एका चौरस किलोमीटरच्या आत सापडले. पंख्याच्या पात्यांच्या अवस्थेवरून, धडक बसली तेव्हा इंजिन जवळपास नेहमीच्या प्रवासी वेगानं फिरत होतं असं दिसलं. चाकं आत ओढलेली होती, म्हणजे आणीबाणीत उतरायचा प्रयत्नही नव्हता. धडधाकट विमान, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात असताना, न दिसलेल्या डोंगरावर आदळलं. विमान अपघातांच्या शास्त्रात या प्रकाराला वेगळं नाव आहे, इतका तो नेहमीचा.

दूत आणि हिऱ्याच्या गडबडीत फॉरवर्डवाला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना विसरला. मूळच्या जर्मन, राहणाऱ्या चिलीच्या. युद्धामुळे त्या जर्मनीत अडकून पडल्या होत्या. नवरा गेला, आणि त्याची रक्षा घेऊन त्या घरी परत निघाल्या होत्या.

‘पर्वत पिंजून काढला, खिळासुद्धा मिळाला नाही. आणि ५० वर्षांनी आपोआप प्रकट झालं’

शोध झाला. कंपनीचा प्रमुख डॉन बेनेट स्वतः पाच दिवस त्यात होता. पण शोध कुठे घ्यायचा हे ठरतं शेवटच्या कळवलेल्या जागेवरून, आणि तीच चुकलेली. त्यात दुसरी गोष्ट अशी की विमान आदळलं ते जवळपास उभ्या बर्फाच्या उतारावर. त्या धक्क्यानं वरून हिमकडा कोसळला असावा आणि काही क्षणांत विमान झाकलं गेलं असावं. वरून अजून बर्फ पडतच होता. दुसऱ्या दिवशी कुणी नेमकं त्याच उतारावरून उडालं असतं तरी पांढऱ्यावर पांढरं एवढंच दिसलं असतं.

पुढची पन्नास वर्षं विमान तिथे नव्हतं हे बरोबर. ते प्रवासात होतं.

हिमनदी या शब्दातली नदी शोभेची नाही. वरच्या भागात दर हिवाळ्यात बर्फ साचतो, दाबला जातो, घट्ट होतो आणि स्वतःच्या वजनानं उताराला लागतो. वर्षाला काही मीटर किंवा काही डझन मीटर, डोळ्यांना न कळेल इतका हळू. वरच्या भागात जे पडतं ते आधी खाली खाली गाडलं जातं, मग बर्फासोबत पुढे सरकतं. हिमनदीच्या खालच्या भागात बर्फ साचण्यापेक्षा वितळतो जास्त, तिथे एकेक थर उतरत जातो आणि पोटातलं सामान उघडं पडतं. लोणच्याच्या बरणीत तळाला गेलेली फोड वरचा खार संपत आला की दिसू लागते, तसं. फोड प्रकट होत नाही, ती होतीच.

तसंच झालं. १९९८ साली दोन अर्जेंटिनी गिर्यारोहकांना टुपुंगाटोच्या हिमनदीवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर एक मर्लिन इंजिन, वाकलेला पत्रा आणि कपड्यांच्या चिंध्या सापडल्या. विमान आदळलं ती जागा बरीच वर होती. २००० साली अर्जेंटिनाच्या लष्कराची मोहीम गेली आणि तिनं आणखी अवशेष, माणसांचेसुद्धा, खाली आणले. २००२ पर्यंत आठ ब्रिटिश मृतांपैकी पाच जणांची डीएनएवरून ओळख पटली. मोहिमेच्या वेळी मिळालेलं सामान सगळ्या विमानाच्या दहा टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे ‘विमान प्रकट झालं’ हेही खोटंच. त्याचा एक तुकडा बाहेर आला, बाकीचा बर्फ वितळेल तसा यायचा होता.

‘शास्त्रज्ञ चक्रावले’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८२० साली युरोपात माँ ब्लाँ या डोंगरावर हिमकडा कोसळून तीन वाटाडे गाडले गेले. हिमनद्यांचा वेग मोजणाऱ्या जेम्स फोर्ब्स या स्कॉटिश शास्त्रज्ञानं अंदाज बांधला की सुमारे चाळीस वर्षांनी ते खालच्या टोकाला निघतील. १८६१ पासून बोसाँ हिमनदीच्या खालच्या अंगाला त्यांचे अवशेष मिळू लागले. माणसानं विमान बनवण्याच्या कितीतरी आधी हिमनदीचं हे वेळापत्रक कागदावर मांडलेलं होतं.

त्याच बोसाँ हिमनदीशी आपलाही धागा आहे. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’, मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालेलं, वादळात माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळलं. ४८ माणसं गेली. २४ जानेवारी १९६६ ला त्याच डोंगरावर ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ आदळलं, ११७ जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा. तेव्हापासून बोसाँ हिमनदी त्या दोन विमानांचं सामान थोडं थोडं खाली आणून देते आहे. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी मिळाली. २०२० मध्ये १९६६ च्या जानेवारीतली भारतीय वर्तमानपत्रं मिळाली, पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी. चोपन्न वर्षांचा शिळा पेपर, आणि मथळा वाचता येत होता. आपल्या हिमालयातही हेच चाललंय. ७ फेब्रुवारी १९६८ ला रोहतांगच्या बाजूला हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह नाहीसं झालं. पहिले अवशेष २००३ मध्ये मिळाले आणि २०२४ मध्येही चार जवानांचे मृतदेह सापडले. रोहतांगच्या जवानांबद्दल कुणी ‘कालप्रवास’ म्हणत नाही. तिथे आपण मुकाट्यानं टोपी काढतो. अँडीजवरची माणसं परकी, म्हणून त्यांच्यावर हिरवा परग्रहवासी चिकटवता येतो.

‘चाकातली हवासुद्धा तशीच!’

खरं आहे, एका चाकाचा टायर फुगलेलाच मिळाला. पण त्याला बिघडवणार कोण होतं? चाक आत ओढलेलं, त्यामुळे इंजिनाच्या कप्प्यात झाकलेलं. वर पन्नास वर्षं बर्फ, म्हणजे ऊन नाही, उष्णता नाही, घासणं नाही. रबर कुजतं ते ऊन, हवा आणि उष्णतेनं. फ्रीजरच्या तळाशी विसरलेली मटारची पिशवी दोन वर्षांनी तशीच निघते, तेव्हा आपण ती देव्हाऱ्यात ठेवत नाही.

‘त्याच कंपनीची दोन विमानं बर्म्युडा त्रिकोणानं गिळली’

‘स्टार टायगर’ ३० जानेवारी १९४८ ला, ३१ जणांसह. ‘स्टार एरियल’ १७ जानेवारी १९४९ ला, २० जणांसह. दोन्ही ॲव्रो ट्यूडर, दोन्ही बर्म्युडाच्या परिसरात समुद्रावर नाहीशी झाली, अवशेष मिळाले नाहीत. इथे मी फॉरवर्डवाल्याशी निम्मा सहमत आहे. एकाच कंपनीवर दीड वर्षात अशी तीन संकटं यावीत, हे विचारण्याजोगंच आहे. पण विचारायचं ते कंपनीला, त्रिकोणाला कशासाठी? युद्धाच्या बनावटीतून उचललेली किंवा पुरती न रुळलेली विमानं, समुद्र आणि पर्वतांवरचे लांबलचक पल्ले, वाटेत दिशा दाखवणारी साधनं तुटपुंजी, आणि युद्धातल्या सवयीनं जोखीम पत्करणारी माणसं. बेनेटला १९४८ मध्येच पदावरून जावं लागलं. ट्यूडर प्रवासी वाहतुकीतून काढली गेली आणि १९४९ मध्ये कंपनी दुसऱ्या सरकारी विमानकंपनीत विलीन झाली. समुद्रात बुडालेलं विमान सापडत नाही ते समुद्र खोल असतो म्हणून, आणि समुद्र हिमनदीसारखं काही परतही आणून देत नाही.

एवढं सगळं मी छापून, मोठ्या अक्षरांत, वडिलांना नेऊन दिलं. त्यांनी दोन दिवस घेतले. जेट स्ट्रीम पटली. हिमनदी पटली, लोणच्याच्या बरणीवर मात्र ‘हे आईला विचारून लिहिलंस का’ असा शेरा होता. मोर्सच्या दोन ओळींखाली त्यांनी पेन्सिलनं पुन्हा एकदा खुणा मोजलेल्या, पंधरा आणि पंधरा. त्याच्याखाली त्यांच्या जुन्या तारखात्याच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ:

‘समोरच्यानं पुन्हा विचारलं, म्हणजे त्याला कळलेलं नाही हे हार्मरला कळलं होतं. मग त्यानं हात हळू का केला नाही?’